गोट्या बरोबरीला आल्या, मग वेगही सारखा झाला का? भौतिकशास्त्र शिकण्यावरचं संशोधन कसं चालतं

टेबलावर दोन लांब पन्हळी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एक सपाट आहे, दुसरीला हलकासा चढ आहे. सपाट पन्हळीतून 'अ' गोटी एकाच वेगाने घरंगळत जाते. चढाच्या पन्हळीत 'ब' गोटी मागून येते, सुरुवातीला वेगात असल्यामुळे 'अ'च्या पुढे निघून जाते, पण चढावर तिचा वेग कमी कमी होत जातो आणि शेवटी ती थांबते. ती थांबायच्या आतच 'अ' तिला गाठून पुढे गेलेली असते. आता सांगा, या दोन गोट्यांचा वेग कधी सारखा झाला का? झाला असेल, तर नेमका केव्हा?

पुढे वाचण्याआधी उत्तर मनाशी पक्कं करा.

अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात डेव्हिड ट्रोब्रिज हे पीएचडी करत होते. लिलियन मॅकडरमॉट त्यांच्या मार्गदर्शक होत्या. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलांना एकेकटं बोलावून, खरी पन्हळ आणि खरी गोटी समोर ठेवून ते हाच प्रश्न विचारत. या कामावरचे लेख १९८० आणि १९८१ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये आले. बरीच मुलं दोन जागांवर बोट ठेवत: एक, जिथे 'ब'ने 'अ'ला मागे टाकलं, दुसरी, जिथे 'अ'ने 'ब'ला मागे टाकलं. म्हणजे गोट्या बरोबरीला आल्या की वेगही सारखा झाला, असं त्यांचं गणित होतं.

आकडे घालून बघू. 'अ'चा वेग सेकंदाला ५० सेंमी, कायम. 'ब' ४० सेंमी मागून निघते, वेग सेकंदाला १०० सेंमी, आणि चढामुळे तो दर सेकंदाला २० सेंमीने घटतो. गणित केलं तर 'ब' पहिल्या सेकंदाअखेर 'अ'ला गाठते आणि चौथ्या सेकंदाअखेर 'अ' तिला पुन्हा गाठते. पहिल्या भेटीच्या वेळी 'ब'चा वेग ८० आहे, दुसऱ्या भेटीच्या वेळी २०. दोन्ही वेळा 'अ'चा मात्र ५०च. वेग सारखा होतो तो अडीच सेकंदांनी, आणि त्या क्षणी 'ब' साडेबावीस सेंमी पुढे असते. दोन भेटींच्या मधलं हेच सगळ्यात मोठं अंतर. पहिल्या भेटीपासून तोवर अंतर वाढत होतं, तिथून ते घटायला लागतं. वेग सारखा झाल्यावर त्या एका क्षणापुरतं अंतर वाढतही नाही आणि घटतही नाही. सारखा वेग ओळखायची खूण ही आहे, आणि ती 'ब' सर्वांत जास्त पुढे असताना दिसते.

मग मुलं बरोबरीच्या जागेवर बोट का ठेवतात? रोजचा अनुभव आणि रोजची भाषा दोन्ही तिकडेच ढकलतात. दोन जण 'बरोबरीने' चालतात असं आपण म्हणतो, तेव्हा जागाही एकच असते आणि वेगही एकच. 'बरोबरी', 'गाठणं', 'मागे टाकणं' या शब्दांत जागा आणि वेग एकमेकांत मुरलेले आहेत. शर्यतीत पुढे आहे तो जास्त वेगवान, हा ठोकताळा बहुतेक वेळा खराही ठरतो. उत्तर चुकलं तरी त्यामागे काहीतरी तर्क आहे, आणि तोच तर्क मुलामागून मुलात दिसतो. भौतिकशास्त्र शिकण्यावर संशोधन करणाऱ्या शाखेचं सगळं काम या एका निरीक्षणावर उभं आहे: चुकीची उत्तरं विखुरलेली नसतात, ती ठरावीक दोन-तीन जागी गोळा होतात. विखुरलेली असती तर 'अभ्यास कमी पडला' म्हणून विषय संपला असता. ती गोळा होतात, म्हणून त्यामागचं कारण शोधता येतं.

हा प्रयोग वर्गात करून बघायचा असेल तर साहित्य साधं आहे. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडे लांब चॅनल मिळतं. अडीच मीटरपेक्षा लांब आणि अखंड तुकडा घ्या, कारण सांधा असला की गोटी तिथे उडते आणि वेग बिघडतो. 'ब'च्या चॅनलला दर मीटरला सुमारे ३ सेंमी चढ द्या. गोट्यांना वेग द्यायला हाताने ढकलू नका, दर वेळी वेगळा धक्का बसतो. सुरुवातीला छोटी घसरगुंडी लावा आणि गोटी ठरावीक उंचीवरून सोडा. १०० सेंमीचा वेग हवा तर हिशेबाने सुमारे ७ सेंमी उंची लागते, ५० सेंमीचा हवा तर २ सेंमीच्या आतबाहेर. घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडी जास्तच ठेवावी लागते. दोन चुका हमखास होतात. घसरगुंडी आणि चॅनल जिथे जुळतात तिथे कोपरा राहतो आणि गोटी उसळते; तिथे गोलाई हवी. दुसरी चूक म्हणजे 'सपाट' चॅनल खरोखर सपाट नसतं. मध्ये गोटी ठेवून ती जागची हलत नाही ना ते बघा, नाहीतर 'अ'चा वेगही बदलत राहील आणि प्रश्नच मोडेल.

नापास न झालेल्यांचा प्रश्न

 वेगाची व्याख्या विचारली तर यातली बरीच मुलं ती बरोबर सांगत. व्याख्या येते, तरी समोरच्या गोटीकडे बघून उत्तर चुकतं, हे कोडं फक्त वेगापुरतं नव्हतं.

ॲरिझोना स्टेट विद्यापीठात इब्राहिम हल्लून या पीएचडीच्या विद्यार्थ्याने डेव्हिड हेस्टेनिस यांच्याबरोबर एक चाचणी तयार केली. ती १९८५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातूनच पुढे १९९२ साली 'फोर्स कॉन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही बलाच्या संकल्पनांची चाचणी आली. हेस्टेनिस यांच्या जोडीला तेव्हा माल्कम वेल्स हे शाळेत शिकवणारे शिक्षक आणि ग्रेग स्वॅकहॅमर होते. तिच्या आजच्या रूपात ३० प्रश्न आहेत, प्रत्येकाला पाच पर्याय. त्यात सूत्र नाही, आकडेमोड नाही. ट्रक आणि छोटी मोटार धडकली तर कोण कोणावर जास्त बल लावतं, अशा जातीचे प्रश्न. कुठल्याही प्राध्यापकाला ते फार सोपे वाटतात, आणि म्हणूनच निकाल बघून धक्का बसतो.

हार्वर्डच्या एरिक मझूर यांना तो १९९०मध्ये बसला. त्यांनी हल्लून-हेस्टेनिस यांचा लेख वाचला आणि आपल्या वर्गाला त्यांची १९८५ची चाचणी दिली. एका विद्यार्थिनीने विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलं त्याप्रमाणे लिहू, की मी एरवी विचार करते त्याप्रमाणे? या एका प्रश्नात सगळा आजार सापडतो. मुलांच्या डोक्यात दोन भौतिकशास्त्रं शेजारी शेजारी नांदत असतात, एक परीक्षेसाठी आणि एक जगण्यासाठी, आणि दोघांची गाठ पडत नाही.

'आणखी गणितं सोडवली की आपोआप समजेल' हा आपल्याकडचा लाडका उपाय. दक्षिण कोरियातल्या किम आणि पाक यांनी २००२ साली हेच तपासलं. विद्यापीठात नुकत्याच आलेल्या, प्रवेश परीक्षेसाठी पुस्तकातली सरासरी हजाराहून जास्त गणितं सोडवलेल्या मुलांना त्यांनी संकल्पनांचे प्रश्न दिले. अडचणी तशाच होत्या, आणि किती गणितं सोडवली याचा समज वाढण्याशी फारसा संबंध दिसला नाही. बारावीच्या क्लासमध्ये रात्री दहापर्यंत एमसीक्यू सोडवून घेणाऱ्यांनी हा निष्कर्ष गंभीरपणे घ्यावा. गणितं सोडवून गणितं सोडवायचा सराव होतो. तो हवाच, पण त्याची जागा वेगळी.

नाणं, जोर आणि बल

आता एक उदाहरण अगदी जवळून बघू. नाणं सरळ वर उडवलं. हात सुटला आहे, नाणं अजून वर जातंय. हवेचा विरोध सोडून दिला, तर त्या क्षणी नाण्यावर कोणकोणती बलं आहेत? उत्तर: फक्त गुरुत्वाकर्षणाचं, खाली. वर जातानाही खाली, सर्वांत उंच जागी क्षणभर थबकल्यावरही खाली, परत येतानाही खाली.

मुलं काय सांगतात? 'वर जाताना हाताचा जोर आहे, तो हळूहळू संपतो. वर पोचलं की दोन्ही सारखे होतात, म्हणून थांबतं. मग गुरुत्वाकर्षण जिंकतं.' मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन क्लेमंट यांनी १९८२ साली इंजिनिअरिंगच्या मुलांकडून नेमका हाच साचा नोंदवला. गती आहे म्हणजे त्या दिशेला बल असलंच पाहिजे, असा तो विचार. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ ब्युरिदान यांनी 'इंपेटस' म्हणून जे मांडलं, ते याच्या फार जवळचं होतं: फेकणारा वस्तूत काहीतरी भरतो आणि ते तिला पुढे नेतं. हुशार माणसं शतकानुशतकं जिथे अडकली, तिथे पोरं अडकली तर त्यांना ढ म्हणायचं कारण नाही.

मराठीत विचार करणाऱ्यासाठी इथे एक जादा खड्डा आहे. पाठ्यपुस्तकात 'बल' आहे, तोंडात 'जोर' आहे. 'चेंडूत जोर होता', 'गाडीचा जोर ओसरला' ही वाक्यं मराठीत अगदी शुद्ध आहेत, पण त्यांतला जोर वस्तूच्या आत राहतो. भौतिकशास्त्रातलं बल कुठल्याही वस्तूच्या आत राहत नाही, ते दोन वस्तूंमधला व्यवहार असतं. व्यवहार थांबला की बल संपलं. वस्तूत असतं, सोबत जातं आणि चढावर कमी होत जातं ते काय? संवेग (वस्तुमान गुणिले वेग) किंवा गतिज ऊर्जा. नाण्याचा 'जोर' वर जाताना कमी होतो असं मूल म्हणतं, तेव्हा त्याचं निरीक्षण खरं असतं. त्याने त्याला नाव चुकीचं दिलंय. शिक्षकाने 'चूक' म्हणून फुली मारली तर ते खरं निरीक्षणही फुकट जातं. 'तू ज्याला जोर म्हणतोस त्याला आपण संवेग म्हणू; आता सांग, हा संवेग कमी कोण करतंय?' असं विचारलं तर तेच निरीक्षण कामाला येतं. 'शक्ती', 'ताकद', 'ऊर्जा', 'बल' हे चार शब्द बोलताना एकमेकांच्या जागी सहज बसतात, पण पुस्तकात शक्ती म्हणजे एकक वेळात केलेलं कार्य. 'वेग' आणि 'चाल' यांचंही तसंच: घरी कोणी गाडीची 'चाल' म्हणत नाही. अकरावीत माध्यम बदलून इंग्रजी झालं की या गुंत्यावर आणखी एक थर चढतो.

पीएचडीचा विद्यार्थी नेमकं काय करतो

आधी प्रश्न लहान करतो. 'मुलांना विद्युतशास्त्र का समजत नाही' हा प्रबंधाचा प्रश्न होऊ शकत नाही. 'परिपथात एक बल्ब वाढवला तर सेलमधून निघणाऱ्या विद्युतधारेचं (करंटचं) काय होतं, याबद्दल पहिल्या वर्षाची मुलं कसा विचार करतात' हा होऊ शकतो. माणसांवर संशोधन असल्यामुळे संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते, मुलांची लेखी संमती लागते, अठराच्या आतली असतील तर पालकांचीही. उत्तरांचा मार्कांशी संबंध नाही हे मुलांना आधीच सांगावं लागतं, नाहीतर ती पुस्तकातलं वाक्य म्हणून मोकळी होतात.

मग मुलाखती. सुरुवातीला १५-२० मुलं पुरतात, प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास, समोर वस्तू ठेवून, आवाज रेकॉर्ड करून. हे ऐकायला सोपं वाटतं, पण नवखा संशोधक सगळ्यात जास्त इथेच चुकतो. मुलगा म्हणतो, 'वर जाताना हाताचा जोर आहे.' संशोधक सहज विचारतो, 'पण हात तर सुटलाय ना?' मुलाखत तिथेच संपली. मुलाला कळलं की उत्तर चुकलंय, आता तो समोरच्याच्या चेहऱ्यावरचं उत्तर वाचणार. 'हा जोर आत्ता कुठे आहे? आला कुठून?' असं विचारलं तर तो स्वतःचं चित्र उलगडतो. मान डोलवायची नाही, 'बरोबर' म्हणायचं नाही, आणि शांतता झाली तर ती भरायची घाई करायची नाही. दहा सेकंदांची शांतता विचारणाऱ्याला फार लांब वाटते, पण मूल तेवढ्यातच विचार करत असतं. घरच्या भाषेत, मिसळून बोलायची मोकळीक हवी. 'फोर्स' म्हणाला की 'जोर' की 'बल', ते जसंच्या तसं लिहून काढायचं, कारण नेमका शब्द हाच पुरावा. एका तासाचं रेकॉर्डिंग लिहून काढायला चार-पाच तास सहज जातात.

मग उत्तरांचे गट पाडायचे. एकाच माणसाने पाडले तर त्याला जे बघायचंय तेच दिसतं, म्हणून दोघांनी वेगवेगळे पाडायचे आणि जुळवून बघायचं. नुसती '८० टक्के जुळलं' ही बढाई चालत नाही. समजा दोनच गट आहेत आणि दोघांनीही निम्मी उत्तरं एकात, निम्मी दुसऱ्यात टाकली. डोळे मिटून टाकली असती तरी ५० टक्के जुळलीच असती. तेव्हा योगायोगापलीकडे जुळण्याची जागा उरली ५०ची, आणि त्यातलं ३० जुळलं, म्हणजे ०.६. याला कोहेनचा कॅपा म्हणतात. तो कमी आला तर बहुधा गटांच्या व्याख्या ढिल्या असतात. त्या पुन्हा लिहून नव्या उत्तरांवर तपासायच्या. तीच उत्तरं परत वापरली तर आकडा वाढतो, पण त्याला अर्थ नसतो.

त्यानंतर मोठ्या संख्येसाठी प्रश्नावली. चांगल्या प्रश्नावलीचा जीव तिच्या चुकीच्या पर्यायांत असतो. ते शिक्षकाने खुर्चीत बसून रचायचे नसतात, मुलाखतींतून आलेले असावे लागतात, शक्यतो मुलांच्याच शब्दांत. शिक्षकाने रचलेला चुकीचा पर्याय बहुतेकदा कोणीच निवडत नाही. मग प्रश्न सोपा वाटतो आणि काहीच कळत नाही. प्राथमिक चाचणीत ज्या पर्यायावर शेकडा पाचाहून कमी मुलं जातात तो काढून टाकावा. एकूण चाचणीत वरच्या असलेल्या मुलांना आणि खालच्या असलेल्या मुलांना जो प्रश्न सारखाच जमतो, त्याचीही भाषा तपासावी. अनेकदा गोंधळ भौतिकशास्त्रात नसतो, वाक्यात असतो.

किती शिकले, हे मोजायचं कसं

शिकवण्याआधी एकदा आणि नंतर एकदा तीच चाचणी. समजा एका वर्गाची सरासरी ४० वरून ५५ टक्क्यांवर गेली, दुसऱ्याची ७० वरून ८५वर. वाढ दोन्हीकडे १५च. पण पहिल्याला वाढायला ६०ची जागा होती, दुसऱ्याला ३०चीच. म्हणून झालेली वाढ भागिले शक्य असलेली वाढ असं माप घेतात: पहिल्याचं ०.२५, दुसऱ्याचं ०.५०. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली या मापाने ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांची आकडेवारी मांडली. नेहमीच्या व्याख्यानाच्या १४ अभ्यासक्रमांची सरासरी ०.२३ निघाली. मुलांना वर्गातच विचार करायला, बोलायला, हाताने करायला लावणाऱ्या ४८ अभ्यासक्रमांची ०.४८.  उत्तम वक्तृत्वाने हा आकडा हलत नाही.

या मापाने फसगतही होते. सगळ्यात नेहमीची म्हणजे गळती. आधीच्या चाचणीला ६० मुलं होती, नंतरच्या चाचणीला ४५. जी १५ आली नाहीत ती बहुधा मागे पडलेली. कोणीही काही शिकलं नसलं तरी सरासरी वर जाते. म्हणून दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचेच गुण धरायचे, आणि जी गळाली त्यांचे आधीचे गुण किती होते तेही छापायचं. दुसरं, आधी ९० मिळवलेल्या मुलाचे नंतर ८५ झाले तर त्याचं माप उणे ०.५ येतं. अशी दोन-चार मुलं प्रत्येकाच्या मापाची सरासरी पार बिघडवतात. वर्गाच्या सरासरीवरून काढलेलं माप आणि मुलामुलाचं काढून केलेली सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; प्रबंधात कुठली वापरली हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याची तुलना कशाशीच करता येत नाही.

पाच बल्ब

मॅकडरमॉट आणि पीटर शॅफर यांच्या १९९२च्या कामातला एक प्रश्न जगभर वापरला जातो. सगळे बल्ब सारखे, सगळे सेल सारखे. एका सेलला एकच बल्ब. दुसऱ्याला दोन बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकामागोमाग एक. तिसऱ्याला दोन बल्ब समांतर जोडणीत, म्हणजे प्रत्येक बल्ब थेट सेलला. पाचही बल्ब प्रकाशाच्या क्रमाने लावा. उत्तर: एकटा आणि समांतरमधले दोन्ही सारखेच प्रखर, एकसरमधले दोघे एकमेकांसारखे पण मंद. कॅल्क्युलस वापरून भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यापीठातल्या मुलांत बरोबर उत्तर देणारे सुमारे १५ टक्के होते, आणि शिकवण्याआधी विचारा की नंतर, आकडा फारसा बदलत नव्हता.

चुकीची उत्तरं पुन्हा दोन ठिकाणी गोळा होतात. पहिलं, 'करंट वाटेत वापरला जातो', म्हणून एकसरमधला पहिला बल्ब प्रखर आणि दुसरा मंद. दुसरं, 'सेल ठरावीक करंट देतो', म्हणून समांतरमध्ये तो दोघांत वाटला जातो आणि दोन्ही मंद. 'वीज वापरली', 'युनिट जळलं' असं आपण बोलतो. वापरली जाते ती ऊर्जा. विद्युतधारा जितकी आत जाते तितकीच बाहेर येते.

प्रत्यक्ष करून दाखवायला गेलात की सामान दगा देतं, म्हणून आधी तपासा. दीड व्होल्टचा जुना सेल लावला तर समांतरमध्ये दोन्ही बल्ब खरोखरच मंद होतात, कारण जास्त धारा खेचली की सेलच्या आतल्या रोधामुळे त्याचं विभवांतर (व्होल्टेज) पडतं. मुलांचा चुकीचा अंदाज मग डोळ्यांसमोर खरा ठरतो. ताजे मोठे सेल घ्या. टॉर्चचे बल्ब एकाच पाकिटातले घ्या आणि एकसर जोडून सारखे दिसतात ना ते आधी बघा. वेगळ्या कंपनीचा एक घुसला तरी क्रम बिघडतो. एलईडी चालत नाहीत. ठरावीक विभवांतर मिळाल्याशिवाय ते पेटतच नाहीत आणि उलटे जोडले तर मुळीच नाही.

आणखी एक गोष्ट. नुसतं दाखवून उपयोग होत नाही. मझूर यांच्या गटाने २००४ साली तपासलं, तेव्हा प्रयोग फक्त पाहिलेली मुलं आणि न पाहिलेली मुलं यांच्या समजण्यात फरक नगण्य निघाला. काय होईल हे आधी स्वतः ठरवून मग पाहिलेल्यांना जास्त समजलं. काही मुलं तर चुकीचा अंदाज मनात धरूनच बघतात आणि नंतर आठवताना तसंच घडल्याचं सांगतात. म्हणून आधी कागदावर अंदाज, मगच स्विच.

मझूर यांनी मोठ्या वर्गासाठी बसवलेली पद्धत याच तत्त्वावर चालते. सात-दहा मिनिटं शिकवायचं, मग एक संकल्पनेचा प्रश्न, मिनिट-दीड मिनिट एकट्याने विचार, मग मतदान. ३० टक्क्यांहून कमी बरोबर आले तर पुन्हा समजवायचं, ७०च्या वर गेले तर पुढे जायचं. मधल्या टापूत असतील तर वेगळं उत्तर दिलेल्या शेजाऱ्याला पटवायचं, दोन-तीन मिनिटं, आणि पुन्हा मत. महागडी यंत्रं लागत नाहीत. मतासाठी यंत्र वापरलं की पुठ्ठ्याची कार्डं, याने शिकण्यात फरक पडत नाही असं २००८ साली दिसलं. हात वर करायला मात्र सांगू नका, सगळे पहिल्या बाकाकडे बघून हात वर करतात. प्रश्न फार सोपा असेल तर ही पद्धत वेळखाऊ करमणूक होते, आणि फार कठीण असेल तर एका आंधळ्याने दुसऱ्याला वाट दाखवल्यासारखी. कस लागतो तो प्रश्न निवडण्यात.

ज्यावर एकमत नाही

मुलांच्या डोक्यात पक्के 'गैरसमज' असतात, ते उखडून नवी संकल्पना लावायची, असं जुनं मत. अँड्रिया डिसेसा यांनी १९९३मध्ये वेगळं मांडलं: डोक्यात सिद्धान्त नसतो, अनुभवाचे सुटे तुकडे असतात, आणि प्रश्न बघून त्यातला एखादा पुढे येतो. 'जवळ गेलं की जास्त' हा असा एक तुकडा. चुलीजवळ ऊब जास्त, दिव्याजवळ उजेड जास्त. म्हणून उन्हाळा का, तर पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, आपल्या ऐन थंडीत. तुकडा खोटा नाही, चुकीच्या जागी लागला. नाण्याच्या 'जोरा'चं उदाहरण बघता दुसरं मत वर्गात जास्त उपयोगी वाटतं, कारण त्यात मुलाकडचं काहीतरी हाताशी घेता येतं. पण करंट 'वापरला जाण्या'सारखी काही उत्तरं इतकी चिवट असतात की पहिलं मतही निकालात काढता येत नाही.

मुलांचा कौल घेऊन पद्धत ठरवावी का? इथे एक गोम आहे. २०१९ साली हार्वर्डमध्ये तोच मजकूर एका गटाला सफाईदार व्याख्यानातून आणि दुसऱ्याला स्वतः झगडून सोडवायला लावून शिकवला. दुसरा गट चाचणीत पुढे होता, पण 'आपण जास्त शिकलो' असं वाटलं ते पहिल्या गटाला. ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. झगडताना आपल्याला येत नाही हे जाणवतं. म्हणून मुलांच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर पद्धतीचं यशापयश ठरवणं धोक्याचं आहे, आणि पहिल्याच तासाला ही गोष्ट मुलांना उघडपणे सांगितलेली बरी.

महाराष्ट्रात या विषयात पीएचडी करायची तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र १९७४ साली सुरू झालं. भौतिकशास्त्राची एमएस्सी झालेल्याला तिथे मुलाखत घेणं, लिहून काढणं, गट पाडणं नव्याने शिकावं लागतं. समीकरणांची सवय असलेल्याला सुरुवातीला हे फार सैल वाटतं.

प्रबंधाची शेवटची पायरी म्हणजे शिकवून झाल्यावर वेगळ्या रूपात तोच प्रश्न विचारणं. गोट्यांचा प्रयोग झाला, चर्चा झाली, सगळ्यांना अडीच सेकंदांचं उत्तर पटलं. आता कागदावर आलेख द्या: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्थान. 'अ'ची सरळ तिरकी रेषा, 'ब'ची वाकत जाणारी, दोन जागी एकमेकींना छेदणाऱ्या. विचारा, वेग सारखा केव्हा? उत्तर जिथे दोन्ही रेषांचा तिरकेपणा सारखा होतो तिथे आहे, दोन छेदांच्या बरोबर मध्ये, अडीच सेकंदांवर. पेन्सिल घेऊन बरीच मुलं पुन्हा छेदबिंदूंवरच गोल करतात. संशोधक त्यातल्या पाच-सहा जणांना बाहेर बोलावतो, रेकॉर्डर चालू करतो आणि विचारतो, 'हा गोल इथेच का केलास, ते सांगशील?'